पैसे देऊन बुडायला जायचं, आणि तेही सात रात्री बोटीवर राहून

आईला पहिल्यांदा सांगितलं की मी आठवडाभर मालदीवला बोटीवर राहणार आहे आणि दिवसातून तीन-तीन वेळा समुद्राच्या तळाशी जाणार आहे, तेव्हा ती तांदूळ निवडत होती, मान वर न करताच म्हणाली, "पैसे देऊन बुडायला कोण जातं गो?" आमचं घर डिचोलीला, समुद्र तसा लांबच, पण गोव्यात राहून समुद्राला न घाबरणारा माणूस मी अजून बघितला नाही, आणि जे रोज पाण्यात जातात ते तर सगळ्यात जास्त घाबरून असतात. तर आईला, वहिनीला आणि नंतर ऑफिसातल्या अर्ध्या लोकांना जे तुकड्यातुकड्यांत सांगितलं ते एकदाचं सगळं इथे लिहिते, कारण लाइव्हअबोर्ड म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर मांडवीतली क्रूझ येते, लाइटिंग, डीजे, आणि वरच्या डेकवर कोणाचे तरी काका नाचतायत.

तसलं काही नसतं. लाइव्हअबोर्ड म्हणजे राहायची-जेवायची सोय असलेली डायव्हिंगची बोट, बस. वीस-बावीस पाहुणे, खाली छोट्या खोल्या, आणि एक कॉम्प्रेसर जो दिवसभर घरघर करत सिलिंडर भरत असतो, त्याच्या आवाजाची इतकी सवय होते की घरी आल्यावर दोन रात्री झोप लागत नाही. मालदीवला या मोठ्या बोटीबरोबर एक छोटी बोट पण चालते, तिला धोणी म्हणतात, सगळं सामान त्या धोणीवर, डाइव्हही तिच्यावरूनच. आपल्याकडच्या डोणीची बहीण वाटते ऐकायला.

आता बोटीवर राहायचंच कशाला, हा बरोबर प्रश्न आहे. किनाऱ्यावर हॉटेल घ्या, सकाळी जा, दुपारी परत या. जवळच्या रीफला, म्हणजे प्रवाळांच्या खडकाला, ते चालतंच, पण चांगल्या जागा बऱ्याचदा इतक्या आत असतात की रोज जाऊन-येऊन जमतच नाही. फिलिपिन्समध्ये तुब्बताहा म्हणून रीफ आहे, सुलू समुद्राच्या मधोमध, तिथे साधारण मार्चच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंतच डायव्हिंग होतं आणि तेही लाइव्हअबोर्डनेच. गालापागोसमधली डार्विन आणि वुल्फ ही बेटं तशीच. लांब कशाला, आपल्याच समुद्रात आंग्रिया बँक आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाची, विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत, पाण्याखाली बुडालेलं प्रवाळांचं पठार, त्याचा सगळ्यात उथळ भागच वीसेक मीटरवर. सकाळी चहा पिऊन मालवणहून निघालो आणि जेवायला परत आलो असं तिथे होणार नाही.

गोव्यात बहुतेकांचं स्कुबा म्हणजे ग्रँड आयलंड. सकाळी जेट्टीवरून बोट, वाटेत डॉल्फिन दिसले तर दिसले, बेटाच्या आडोशाला नांगर टाकायचा, मग सूट घालून रांगेत उभं राहायचं, दहा-पंधरा मिनिटं पाण्याखाली, मागून एक मुलगा सिलिंडर धरून तुम्हाला फिरवतो, व्हिडिओ काढतो, वर आल्यावर जेवण. मीही तिथूनच सुरू केलं. खाली दगडाच्या फटीतून एक गोबरा मासा तोंड काढून बघत होता, मला इतकं भारी वाटलं की मी मागच्या मुलाला अंगठा दाखवला, तर तो मला लगेच वर घेऊन आला. पाण्याखाली अंगठा वर म्हणजे 'मस्त' नाही, 'वर चला'. सगळं ठीक आहे सांगायला अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा. त्या एका अंगठ्यात माझी पंधरा मिनिटं सहावर आली, पैसे काही परत मिळाले नाहीत. त्यात मांडवी आणि जुवारी दोन्ही नद्यांचा गाळ जवळच, त्यामुळे वाईट दिवशी आपल्याच पायांतल्या फिन्स (पोहायचे पंखे) दिसत नाहीत. तरी शिकायला जागा चांगली आहे असं माझं मत, गढूळ पाण्यात शिकलेला माणूस निळ्या पाण्यात राजा असतो.

पण त्या पंधरा मिनिटांना डायव्हिंग येणं म्हणत नाहीत. त्यासाठी कोर्स करावा लागतो, ओपन वॉटर नावाचा, तीन-चार दिवसांचा, त्याने १८ मीटरपर्यंत जाता येतं, पुढे अ‍ॅडव्हान्स्ड केलं की ३०. लाइव्हअबोर्डवाले बऱ्याचदा अ‍ॅडव्हान्स्ड मागतात आणि वर लॉगबुकात, म्हणजे डाइव्हच्या नोंदवहीत, काही डाइव्ह झालेल्या हव्यात म्हणतात. मी कोर्स इथेच केला, मग कर्नाटकात मुर्डेश्वरजवळच्या नेत्राणी बेटावर दोन सीझन गेले, तिथलं पाणी गोव्यापेक्षा पुष्कळ स्वच्छ, आणि मग हिंमत झाली.

गोटी सोडा आणि ओली गोधडी

लाइव्हअबोर्ड समजून घ्यायचं असेल तर मासे नंतर, आधी हवेचा हिशोब, कारण त्या बोटीवर तुम्ही किती वाजता उठता, कधी खाता, बिअर कधी उघडता आणि कोणत्या दिवशी नुसतं बसून राहता हे सगळं त्याच हिशोबातून आलेलं असतं.

आपण सगळे हवेच्या एका वातावरणाच्या दाबाखाली राहतो. पाण्यात दर १० मीटरला आणखी एकेक वातावरण वाढतं. म्हणजे १० मीटरवर दुप्पट दाब, २० वर तिप्पट, ३० वर चौपट. दाब दुप्पट झाला की तेवढ्याच श्वासात हवा दुप्पट मावते, म्हणून सिलिंडर खोलीवर भसाभस संपतो. नेहमीचा सिलिंडर ११ लिटरचा असतो, त्यात २०० बार दाबाने (एक बार म्हणजे साधारण एक वातावरण) हवा कोंबलेली, म्हणजे साधारण २२०० लिटर. मिनिटाला २० लिटर धरले तर वर बसून ती ११० मिनिटं पुरेल, १० मीटरवर ५५, आणि ३० मीटरवर जेमतेम २७, त्यातही ५० बार शिल्लक ठेवून वर यायचं असतं. घाबरलेला माणूस तर मिनिटाला तीस-चाळीस लिटर पण ओढतो. माझी पहिली खरी डाइव्ह पंचवीस मिनिटांत संपली होती आणि बरोबरचे साठीचे एक काका पाऊण तास आरामात फिरत होते, वर सिगरेट ओढणारे.

याच हिशोबातला जीवघेणा नियम म्हणजे पाण्याखाली श्वास कधीही रोखायचा नाही. १० मीटरवर भरून घेतलेली छाती घेऊन तसंच वर आलात तर आतली हवा दुप्पट फुगते आणि फुप्फुस काही रबराचं नाही.

आता नायट्रोजन. आपण जी हवा घेतो त्यात २१ टक्के ऑक्सिजन आणि बाकी जवळजवळ सगळा नायट्रोजन, जो एरवी आत जातो आणि बाहेर येतो, कोणाच्या अध्यात ना मध्यात. पण दाब वाढला की तो रक्तात आणि अंगात विरघळायला लागतो, जसा बाटलीत गॅस सोड्यात विरघळलेला असतो तसा. आपला गोटी सोडा आठवा. गोटी खटकन आत दाबली की फस्स, सगळा फेस हातावर. तीच गोटी जरा दाबून, जरा सोडून, हळूहळू उघडली तर गॅस शहाण्यासारखा निघून जातो. डायव्हर म्हणजे तो सोडा. खालून हळूहळू वर आला तर नायट्रोजन फुप्फुसांवाटे गुपचूप निघून जातो, एकदम वर आला तर रक्तात आणि सांध्यांत बुडबुडे. म्हणून मिनिटाला ९ मीटरपेक्षा जास्त वेगाने वर यायचं नाही आणि शेवटी ५ मीटरवर तीन मिनिटं नुसतं लटकत थांबायचं, त्याला सेफ्टी स्टॉप म्हणतात. सगळ्यात कंटाळवाणी आणि सगळ्यात महत्त्वाची तीन मिनिटं. एकमेकांची तोंडं बघायची, दुसरं काय.

हे बुडबुड्यांचं प्रकरण आधी डायव्हरपेक्षा मजुरांनी जास्त भोगलं. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन ब्रिजचे पाये खणताना नदीच्या तळाशी दाबाची हवा भरलेल्या प्रचंड पेटाऱ्यांत माणसं काम करायची, बाहेर आली की सांधे धरून वाकायची, काही मेली पण. खुद्द मुख्य इंजिनियर वॉशिंग्टन रोबलिंग त्यानेच आजारी पडला आणि उरलेला पूल त्याने खिडकीतून बघत, बायको एमिलीकडून निरोप पाठवत पुरा केला, १८८३ साली. मग जॉन स्कॉट हॉल्डेन या शास्त्रज्ञाने ब्रिटिश नौदलासाठी बकऱ्या दाबाच्या टाकीत घालून प्रयोग केले (बकरी दुखायला लागलं की पुढचा पाय उचलून धरते, सांगायला नको) आणि किती खोल, किती वेळ आणि वर कसं यायचं याची पहिली नीट कोष्टकं १९०८ साली छापली.

हॉल्डेनने जे ओळखलं ते मला आपल्या पावसाळ्यावरून कळलं. दोरीवर एक पंचा घाला आणि एक गोधडी. पंचा पटकन भिजतो, पटकन सुकतो. गोधडी भिजायला वेळ लागतो, पण एकदा भिजली की जुलैत डिचोलीला चार दिवस लोंबत राहते. अंगात पण तसंच आहे, रक्त आणि मेंदू पंच्यासारखे, नायट्रोजन लगेच घेतात आणि लगेच सोडतात, चरबी आणि सांधे गोधडीसारखे. हॉल्डेनने असे पाच कप्पे धरले होते, ५ मिनिटांत अर्धा भरणाऱ्या कप्प्यापासून ७५ मिनिटांवाल्या कप्प्यापर्यंत. आज मनगटावरच्या डाइव्ह कॉम्प्युटरात (घड्याळासारखं यंत्र, हाच हिशोब करत राहतं) कप्पे जास्त असतात, कल्पना तीच.

एका डाइव्हला गोधडी फारशी भिजत नाही. कोष्टकात बघाल तर दिवसाच्या पहिल्या डाइव्हला १२ मीटरवर १४७ मिनिटं राहता येतं, १८ वर ५६, आणि ३० वर फक्त २०, त्यापुढे गेलं तर सरळ वर येता येत नाही, वाटेत थांबे घ्यावे लागतात. पण लाइव्हअबोर्डवर दिवसाला तीन, कधी चार डाइव्ह, असे सहा दिवस. रोज रात्री गोधडी पुरती सुकायच्या आत सकाळी परत पाण्यात. म्हणजे बाहेरून तुम्ही ताजेतवाने दिसता आणि आत चौथ्या दिवशी बऱ्यापैकी ओले असता.

आता बोटीचं वेळापत्रक बघा, आपोआप कळेल. साडेपाचला घंटा, कारण सगळ्यात खोल डाइव्ह सकाळी, अंग सगळ्यात कोरडं असताना. मग दोन-अडीच तासांचं अंतर, त्यात नाश्ता. अकराच्या सुमाराला दुसरी, जरा उथळ. जेवण, झोप, आणि ही झोप आळस नाही, अंग सुकवणं आहे. तीनला तिसरी. पाणी सतत प्यायला लावतात, कारण अंगातलं पाणी कमी झालं की रक्ताभिसरण मंदावतं आणि नायट्रोजन बाहेर पडायला उशीर. आणि एक नियम जो ऐकून माझ्या गोयंकार मित्रांचे चेहरे पडतात, पहिली बिअर उघडली की त्या दिवसाचं डायव्हिंग संपलं. मग कोण कितीही बाब्या असो, धोणीवर चढू देत नाहीत.

बोटीवर नायट्रॉक्स पण मिळतो. साध्या हवेत ऑक्सिजन २१ टक्के, यात बहुतेक वेळा ३२. ऑक्सिजन वाढला म्हणजे नायट्रोजन कमी, गोधडी कमी भिजते. लोकांना वाटतं नायट्रॉक्सने जास्त खोल जाता येतं, उलट आहे, जास्त दाबाखाली ऑक्सिजन विषारी होतो, माणसाला पाण्याखालीच झटके येऊ शकतात, म्हणून ३२ टक्केवाल्याने साधारण ३३ मीटरच्या खाली जायचंच नाही. त्याचा वेगळा छोटा कोर्स असतो. रोज सकाळी आपला सिलिंडर आपणच मीटर लावून तपासायचा, पट्टीवर पेनाने टक्के आणि खोली लिहायची, वहीत सही करायची. अर्धवट झोपेत, पोटात एक बिस्किट, आणि समोर ३१.८ का ३२.१ यावर दोन जर्मन वाद घालतायत, असं ते दृश्य.

मासे कुठे भेटतात, आणि कधी

हे झालं गणित. आता ज्याच्यासाठी जातो ते. वहिनीने सगळ्यात आधी विचारलं होतं, "शार्क खाणार नाही ना?" मी म्हटलं, आजवर आपणच त्यांना खाल्लंय वहिनी, मोरीचं आंबट तिक कोणाच्या हातचं चांगलं होतं ते सांगा. ती हसली, पण खरंच आहे.

समुद्रात प्राणी कुठेही दिसतात असं नाही, त्यांच्या जागा आणि वेळा ठरलेल्या असतात, आपल्याकडे बाजाराचा वार असतो तशा. मालदीवची बेटं गोल कड्यांत बसलेली आहेत, त्यांना अ‍ॅटॉल म्हणतात (हा शब्दच मुळात त्यांच्या धिवेही भाषेतून जगभर गेला). कड्याच्या मध्ये उथळ पाणी, बाहेर खोल समुद्र, आणि कड्याला मधेमधे दारं, तिथल्या भाषेत कांडू. भरतीला बाहेरचं स्वच्छ पाणी त्या दारांतून जोरात आत शिरतं, आणि ग्रे रीफ शार्क दाराच्या तोंडाशी, धारेत, जवळजवळ न हलता उभे राहतात, म्हापशाच्या बाजारात कोपऱ्यावर उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांना न्याहाळणारे असतात ना तसे. आपण काय करायचं, तर रीफवर मेलेल्या प्रवाळाच्या दगडात एक आकडा अडकवायचा, त्याला रीफ हुक म्हणतात, त्याची दोरी आपल्या जॅकेटला, आणि पतंगासारखं धारेत फडफडत राहायचं. शार्क तुमच्याकडे बघत पण नाहीत. थोडा अपमानच वाटतो. मालदीवने २०१० साली शार्कची मासेमारी पूर्ण बंद केली म्हणून ते एवढे तरी आहेत.

पण भरती कधी, ओहोटी कधी, धार आत की बाहेर, हे रोज बदलतं. हॉटेलातून ठरलेल्या वेळी निघणारी बोट ते नेहमीच गाठू शकत नाही, लाइव्हअबोर्ड आदल्या संध्याकाळीच दारापाशी येऊन थांबलेली असते. गाइड पहाटे आधी एकटाच उडी मारून धार बघून येतो आणि मग ठरतं.

मांटाचं तर थेट आपल्या पावसाशी नातं आहे आणि हे कळलं तेव्हा मी जरा थक्कच झाले. मांटा म्हणजे आपल्या पाकटाचीच जात, पण शेपटीला नांगी नाही, आणि खाणं प्लँक्टन, म्हणजे डोळ्यांना नीट न दिसणारे पाण्यात तरंगणारे जीव. नैऋत्य मोसमी वारे मेपासून पश्चिमेकडून येतात, तेच वारे पुढे आपल्याकडे धो धो ओततात. त्या दिवसांत मालदीवला समुद्राचा प्रवाह पश्चिमेकडून पूर्वेकडे, आणि प्लँक्टन साचतं बेटांच्या पूर्व बाजूला, म्हणून मांटा पूर्वेला. वारे फिरले, ईशान्येकडून यायला लागले की मांटा पश्चिमेला. म्हणजे जून-जुलैत गोव्यात ट्रॉलर नांगरून पडलेले असतात, मासेमारी बंद, आम्ही सुके बांगडे काढलेले, आणि त्याच वाऱ्याने तिकडे बा अ‍ॅटॉलच्या हनिफारू नावाच्या खाडीत मांटांची जत्रा भरलेली असते. तिथे मात्र सिलिंडर घेऊन उतरायला बंदी आहे, फक्त स्नॉर्कल, म्हणजे वरच तरंगत नळीने श्वास घ्यायचा, बुडबुड्यांचा त्रास नको म्हणून. मला हा नियम फार आवडतो.

मी गेले होते फेब्रुवारीत, म्हणून पश्चिम बाजू. पंधरा मीटरवर एक मोठा प्रवाळाचा दगड, ज्याला क्लीनिंग स्टेशन म्हणतात, मराठीत सांगायचं तर न्हाव्याचं दुकान. तिथे बोटभर लांबीचे निळे-काळे रॅस नावाचे मासे राहतात, मांटा येऊन वर तरंगत उभा राहतो आणि हे त्याच्या अंगावरचे, कल्ल्यांतले किडे खाऊन साफ करतात. ब्रीफिंगमध्ये गाइडने तीनदा सांगितलं होतं, दगडाच्या बाजूला खाली बसा, वर जाऊ नका, मागे लागू नका. आणि मी काय केलं? पहिला मांटा आला, तीनेक मीटर रुंद, मी कॅमेरा काढून सरळ त्याच्या दिशेने पाय मारायला लागले. मागून सिलिंडरवर लोखंड आपटल्याचा टण टण टण आवाज, गाइड. मांटाने एक पंख नुसता तिरका केला आणि काही क्षणांत नुसतं निळं पाणी उरलं. बाकीच्या सात जणांनी मास्कमधून माझ्याकडे जे बघितलं ते मला अजून आठवतं. वर आल्यावर कोणी काही बोललं नाही, पण जेवताना माझ्या शेजारची खुर्ची बराच वेळ रिकामी होती.

दुसऱ्या दिवशी त्याच जागी परत. यावेळी मी वाळूत गुडघे टेकून, हात छातीशी घेऊन बसले, श्वास चालू पण इतका हळू की कॉम्प्युटरवर हवेचा आकडा हलतोय का नाही कळेना. दहा मिनिटं काहीच नाही. मग एकदम उजेड कमी झाला, ढग आला म्हणून वर बघितलं तर पोट. पांढरं पोट, त्यावर काळे ठिपके, कोणीतरी दौत लवंडल्यासारखे. डोक्यावरून हातभर अंतरावरून तो गेला, वळला, परत आला, आणि वळताना त्याचा डोळा खोबणीत फिरला, माझ्यावर थांबला, पुढे गेला. माशांमध्ये शरीराच्या मानाने सगळ्यात मोठ्या मेंदूंपैकी एक मांटाचा, हे मी आधी वाचलं होतं, पण तो डोळा फिरल्यावर ते पटलं. ते पोटावरचे ठिपके प्रत्येकाचे वेगळे असतात, आपल्या बोटांच्या ठशांसारखे, त्यावरून कोण कुठे कधी दिसला याची नोंद ठेवली जाते, म्हणून फोटो काढायचा तर पोटाचा काढावा, पाठीचा काही उपयोग नाही.

व्हेल शार्कचे ठिपके पण असेच वेगळे असतात, आणि ते जुळवायला जे सॉफ्टवेअर वापरतात त्याची पद्धत खगोलशास्त्रज्ञांची आहे, आकाशात तारकांच्या रचना ओळखायला केलेली. नावात शार्क, आकार व्हेलसारखा, जगातला सगळ्यात मोठा मासा, आणि खाणं परत तेच प्लँक्टन. गुजरातच्या किनाऱ्यावर एकेकाळी यांची भरपूर शिकार व्हायची, यकृताचं तेल काढून होड्यांना लावायला, २००१ साली वन्यजीव कायद्याखाली बंदी आली. मालदीवच्या दक्षिण आरी भागात ते वर्षभर दिसतात, तिथे बहुतेक अजून वयात न आलेले नरच असतात, म्हणजे मोठी कॉलेजची पोरं म्हणा, तरी पाच-सहा मीटरची. नियम साधा, अंगापासून तीन मीटर, शेपटीपासून चार, फ्लॅश नाही, हात लावणं तर सोडाच. आम्हाला दिसला तेव्हा आणखी चार बोटी तिथे होत्या आणि पाण्यात साठ-सत्तर माणसं, सगळ्यांच्या फिन्स एकमेकांच्या तोंडावर. तो शांतपणे खाली निघून गेला. खरं सांगते, मला माणसांच्या त्या गर्दीचीच जास्त भीती वाटली, आणि असल्या ठिकाणी जायचं का नाही याबद्दल माझं मन अजून दोन्हीकडे आहे.

रात्रीची डाइव्ह एकच केली. टॉर्च सगळ्यांनी छातीशी दाबून अंधार केला आणि हात हलवला तर पाण्यात हिरवट ठिणग्या. मोरजी-मांद्र्याला लाटेत कधीतरी जी चमक दिसते तीच, फक्त आपण तिच्या आत.

बुकिंग करायच्या आधी काय विचारायचं

लोक फोटो बघून बोट ठरवतात, जकुझी आहे का वगैरे. मी सांगते ते आधी विचारा. रात्री सगळे झोपल्यावर जागं कोण असतं? खालच्या खोल्यांतून बाहेर यायला दुसरी वाट आहे का, आणि ती कुठे उघडते? कॅमेऱ्याच्या, टॉर्चच्या बॅटऱ्या कुठे चार्ज करतात? हे उगाच नाही. २ सप्टेंबर २०१९ ला कॅलिफोर्नियाजवळ कन्सेप्शन नावाच्या डाइव्ह बोटीला पहाटे आग लागली, खाली झोपलेले ३४ जण गेले, रात्रीचा पहारा कोणी देत नव्हतं, आणि तळघरासारख्या त्या खोलीच्या दोन्ही वाटा वर आगीतच उघडत होत्या. आमच्या बोटीवर पहिल्या संध्याकाळी ड्रिल झालं तेव्हा अर्धे लोक मोबाइलमध्ये होते, मी मात्र जाऊन ती मागची झडप स्वतः उघडून बघितली, जरा घट्ट होती, सांगितलं, त्यांनी तेल घातलं.

विमा डायव्हिंगचा वेगळा काढा, साध्या प्रवास विम्यात दाबाच्या टाकीतले उपचार बऱ्याचदा नसतात आणि बुडबुड्यांवर खरा उपचार तोच, टाकीत घालून परत दाब वाढवायचा, मग गोटी हळू उघडायची. सर्दी असेल तर पाण्यात जाऊ नका, कानातला दाब सुटत नाही आणि पडदा जातो. मळमळीची गोळी डॉक्टरला विचारून घ्या आणि एकदा घरी घेऊन बघा, काहींना इतकी झोप येते की डाइव्ह कुठली. मी गोळी न घेता गेले, पहिली रात्र बाथरूमची फरशी किती थंड असते याचा अभ्यास केला. आणि पाणी २८ डिग्री असलं तरी जाड सूट न्या, पाणी अंगातली ऊब हवेच्या पंचवीसेक पट वेगाने ओढतं, चौथ्या दिवशी आम्ही सगळे उन्हात टोप्या घालून कुडकुडत होतो.

पैशाचं म्हणाल तर साधी बोट पण आठवड्याला हजार-दीड हजार डॉलरच्या घरात जाते, विमान वेगळं. स्वस्त नाही. मी दोन वर्षं साठवले.

शेवटचा दिवस मात्र कोरडा. विमानात केबिनचा दाब जमिनीपेक्षा कमी असतो, म्हणजे गोटी आणखी एकदा दाबल्यासारखं, त्यामुळे बरेच दिवस रोज डायव्हिंग केल्यावर कमीत कमी १८ तास, आणि बहुतेक बोटी २४ धरतात, उडायचं नाही. सगळ्यांचे सूट दोरीवर वाळत टाकलेले, लॉगबुकं भरायचं काम, बिअर आता दुपारीच उघडलेली, आणि मनगटावरच्या कॉम्प्युटरवर छोट्या विमानाचं चित्र, त्याच्यावर काट. मालेच्या विमानतळावर बॅग देऊन झाली तरी ती काट होतीच. आईचा फोन आला, निघालीस का, मी म्हटलं अजून सुकतेय. तिला वाटलं कपडे.